माइसनचा क्यूपिड: जुन्या जर्मन पोर्सलेन पुतळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणाच्या आजीच्या काचेच्या कपाटात, कधी मुंबईच्या चोरबाजारातील एखाद्या दुकानात, पंख असलेले, गुबगुबीत, हातात बाण घेतलेले पोर्सलेनचे मूल दिसते आणि त्याचा फोटो माझ्याकडे येतो. पुढील प्रश्न गेल्या काही वर्षांत मला इतक्या वेळा विचारले गेले आहेत की त्यांची उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवणे सोयीचे वाटले. मी विक्रेता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा असा एक क्यूपिड बारा वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि मला जे काही कळते ते बरेचसे त्याला हाताळताना व त्याच्याबाबतीत चुका करताना कळलेले आहे.

ही पुतळी नक्की कोणाची असते?

रोमन पुराणकथांतील प्रेमदेवता व्हीनस हिचा मुलगा क्यूपिड, म्हणजेच ग्रीकांचा इरॉस. धनुष्य, भाता, बाण किंवा निदान हृदयाच्या आकाराची एखादी वस्तू जवळ असेल तर त्या मुलाला क्यूपिड म्हणावे. नुसतेच पंख असतील तर तो युरोपीय सजावटीत जागोजागी आढळणारा साधा बालदूतही असू शकतो. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये क्यूपिडकडे दोन जातींचे बाण आहेत: सोन्याचा बाण प्रेम जागवतो आणि शिशाचा बाण ते पळवून लावतो. अपोलो या देवाला सोन्याचा आणि डाफ्ने या अप्सरेला शिशाचा बाण मारून त्याने जो गोंधळ घातला, तो युरोपातील चित्रकारांना आणि शिल्पकारांना अनेक शतके पुरला.

आपल्याकडे त्याची तुलना मदनाशी केली जाते आणि ती काही अंशी योग्यही आहे, मात्र उसाचे धनुष्य व पाच फुलांचे बाण बाळगणारा आपला मदन तरणाबांड आहे, तर क्यूपिड खोडकर पोर. ‘मदनाचा पुतळा’ हा शब्दप्रयोग मराठीत देखण्या पुरुषासाठी वापरतात; माझ्या कपाटातला मदनाचा पुतळा मात्र वीतभर उंचीचा असून त्याचे पोट सुटलेले आहे.

माइसन कुठे आहे, आणि पोर्सलेन तिथेच का तयार झाले?

माइसन हे जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेनजवळ एल्ब नदीच्या काठावर वसलेले गाव आहे. चीनमध्ये अस्सल पोर्सलेन हजार वर्षांहून अधिक काळ तयार होत होते, पण त्याची कृती युरोपाला ठाऊक नव्हती; त्यामुळे चीन आणि जपानमधून जहाजांनी येणाऱ्या भांड्यांसाठी राजेरजवाडे वाटेल ती किंमत मोजत. सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला राज्यकर्ता) आणि पोलंडचा राजा बलाढ्य ऑगस्ट याला तर या भांड्यांचे वेडच होते. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले सहाशे सैनिक देऊन त्या बदल्यात १५१ चिनी वस्तू घेतल्या. त्या सौद्यातील उंच निळ्या-पांढऱ्या बरण्या आजही ‘ड्रॅगून बरण्या’, म्हणजे घोडेस्वार सैनिकांच्या बरण्या, म्हणूनच ओळखल्या जातात.

याच राजाच्या ताब्यात योहान फ्रीडरिश ब्योटगर नावाचा तरुण सापडला. बर्लिनमध्ये औषधविक्रेत्याच्या हाताखाली शिकणाऱ्या या मुलाने आपण सोने तयार करू शकतो अशी हवा केली होती, आणि प्रशियाच्या राजाच्या तावडीतून सुटण्यासाठी तो सॅक्सनीत पळून आला तेव्हा ऑगस्टने त्याला सोने तयार होईपर्यंत नजरकैदेत ठेवले. सोने अर्थातच तयार झाले नाही. एरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस या अभ्यासकाने त्याचे लक्ष मातीकडे वळवले. आधी लालसर, दगडासारखा कठीण पदार्थ तयार झाला आणि १७०८ मध्ये पांढऱ्या पोर्सलेनची कृती हाती लागली. २३ जानेवारी १७१० रोजी राजाने कारखान्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी माइसनच्या आल्ब्रेश्ट्सबुर्ग या किल्ल्यात काम सुरू झाले. किल्ला निवडण्याचे कारण उघड होते, कृती बाहेर फुटू द्यायची नव्हती. तरीही ती फुटली, आणि १७१८ मध्ये व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला.

येथे एक शब्द स्पष्ट केलेला बरा. मराठीत आपण लोणच्याच्या बरणीलाही ‘चिनीमातीची’ म्हणतो, पण ती बरणी जाड असते आणि प्रकाश अडवते, तर पोर्सलेनचा पातळ भाग दिव्यासमोर धरला की त्यातून उजेड पाझरतो. केओलिन ही पांढरी माती, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे मिश्रण सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजले की ते आतून काचेसारखे एकजीव होते. ब्योटगरच्या काळात फेल्डस्पारऐवजी अलाबास्टर वापरत, फेल्डस्पार पुढे आला. म्हणून या लेखात मी चिनीमाती न म्हणता पोर्सलेन म्हणतो.

‘ड्रेस्डेन’ आणि ‘माइसन’ एकच का?

नाही, जरी इंग्रजांनी दीर्घकाळ माइसनच्या मालालाच ड्रेस्डेन म्हटले आणि त्यामुळे आपल्याकडील जुन्या घरांतही तोच शब्द रुळला. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेन शहरात कोरे पोर्सलेन आणून त्यावर रंगकाम करणाऱ्या अनेक कार्यशाळा उघडल्या, आणि १८८३ मध्ये त्यांतील चार जणांनी मुकुट व त्याखाली ‘ड्रेस्डेन’ ही अक्षरे अशी खूण नोंदवली. जवळच्या पोटशापेल येथेही फुलापानांनी लगडलेल्या पुतळ्या तयार होत. या वस्तू जुन्या आहेत, त्यांतील काही सुरेख आहेत, पण त्या माइसनच्या कारखान्यातल्या नाहीत. विकणाऱ्याने ‘ड्रेस्डेन’ म्हटले तर त्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते आधी विचारून घ्यावे.

जेवणाच्या टेबलावर देवादिकांच्या पुतळ्या कशासाठी मांडत?

अठराव्या शतकातील दरबारी मेजवानीत शेवटचा गोड पदार्थांचा टप्पा आला की टेबलावर बागा, कारंजी, देवता आणि मेंढपाळ यांचा देखावा मांडण्याची पद्धत होती. आधी हे देखावे साखरेचे किंवा मेणाचे असत, आणि साखरेच्या पुतळीला ओल्या हवेत काय होते हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पोर्सलेनने हा प्रश्न सुटला. त्यामुळे ज्या पुतळ्यांकडे आपण आज काचेआड एकेकटी कलाकृती म्हणून पाहतो, त्या मुळात गर्दीत, मेणबत्त्यांच्या उजेडात आणि चारही बाजूंनी दिसण्यासाठी घडवलेल्या होत्या. चांगल्या क्यूपिडची पाठही म्हणूनच तितक्याच मनापासून घडवलेली असते. पुतळी हातात आली की मी आधी तिची पाठ पाहतो.

या प्रकाराला खरे वळण योहान योआखिम केंडलरने दिले. १७३१ मध्ये माइसनला आलेला हा शिल्पकार १७७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. कारखान्याचा प्रमुख असलेल्या हाइनरिश फॉन ब्र्यूल या सरदारासाठी त्याने योहान फ्रीडरिश एबरलाइन या सहकाऱ्यासोबत १७३७ ते १७४२ या काळात ‘हंस संच’ घडवला. बावीसशेहून अधिक नगांच्या त्या संचात गॅलाटिया ही सागरदेवी, ट्रायटन हे सागरदेव आणि समुद्रकन्या ताटवाट्यांच्या कडांवर आणि झाकणांवर जलक्रीडा करताना दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यातील बराच भाग नष्ट झाला. क्यूपिडच्या आपल्या कथेत मात्र केंडलरइतकेच महत्त्व मिशेल व्हिक्टर आसिये या फ्रेंच शिल्पकाराचे आहे, जो १७६४ मध्ये माइसनला आला आणि ज्याने १७७० च्या दशकात छोट्या गोल चौथऱ्यांवर उभ्या असलेल्या क्यूपिडांची मालिका घडवली.

जर्मन पुतळीच्या चौथऱ्यावर फ्रेंच वाक्य का असते?

दरबाराची भाषा फ्रेंच होती म्हणून. आसियेच्या मालिकेतील क्यूपिडांच्या चौथऱ्यावर सोनेरी किंवा रंगीत अक्षरांत एक छोटे बोधवाक्य असते, उदाहरणार्थ ‘जे ले ज्युनी’, म्हणजे ‘मी त्यांना जोडतो’, किंवा ‘कू स्युर कू’, म्हणजे ‘घावावर घाव’. फ्रेंच मजकूर पाहून वस्तू फ्रान्सची आहे असा निष्कर्ष काढू नये.

एवढी नाजूक पुतळी घडवतात कशी?

पेणला गणपतीच्या कारखान्यात जाऊन आलेल्या माणसाला हे पटकन समजेल. शिल्पकार मूळ नमुना घडवतो; त्या नमुन्याचे डोके, धड, हात, पाय, पंख असे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा स्वतंत्र साचा काढतात. अठराव्या शतकात ओली माती साच्यात बोटांनी दाबून भरत. कोरडे प्लास्टर मातीतले पाणी शोषून घेते आणि तुकडा साच्यापासून सुटतो. मग जोडणी करणारा कारागीर हे तुकडे पातळ केलेल्या त्याच मातीने चिकटवतो, सांधे कोरून बुजवतो, केसांच्या बटा आणि पिसांच्या रेषा पुन्हा उठवतो, बैठकीवर एकेक पाकळी हाताने लावतो. साचा तोच असला तरी दोन पुतळ्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत, कारण शेवटचा हात माणसाचा असतो.

नंतर साधारण ९०० अंशांच्या आसपास पहिली भाजणी, मग झिलईच्या द्रावात बुडवणे, मग १४०० अंशांची मोठी भाजणी. या भट्टीत पुतळी आक्रसते, आणि थोडीथोडकी नव्हे तर जवळजवळ एक षष्ठांश. पसरलेला हात किंवा पंख मऊ पडून वाकू नये म्हणून त्याला त्याच मातीचे टेकू देतात, कारण टेकूही तितकाच आक्रसला पाहिजे. तळाला दिसणारे छोटे भोक हा दोष नसतो. पोकळ पुतळीच्या आतली तापलेली हवा बाहेर पडण्यासाठी ते ठेवलेले असते.

रंग सर्वांत शेवटी, झिलईवर लावतात आणि पुन्हा कमी आचेवर भाजतात. १७२० मध्ये माइसनला आलेल्या योहान ग्रेगोरिउस हेरोल्टने रंगांची जी पाटी तयार केली, तिच्याशिवाय या पुतळ्या पांढऱ्याफटकच राहिल्या असत्या. पेणला डोळ्यांची आखणी सर्वांत मुरलेल्या हाताकडे असते, तसेच येथेही चेहरा अनुभवी रंगाऱ्याचा असतो. माझ्या क्यूपिडची भुवई भिंगाखाली पाहिली तर ती एक रेषा नसून तपकिरी रंगाच्या सात-आठ अतिशय बारीक फटकाऱ्यांची बनलेली दिसते, आणि पापणीच्या वरच्या कडेला लालसर रंगाची जेमतेम केसाएवढी छटा आहे. नकलेत भुवई ही बहुतेक वेळा भुवईसारखी काढलेली एक रेघ असते.

तळावर दोन तलवारींची खूण आहे, म्हणजे पुतळी खरी ना?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याला माझे उत्तर असे की खूण शेवटी पाहावी. एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी सॅक्सनीच्या इलेक्टरच्या राजचिन्हातून आल्या आणि १७२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माइसनने त्या वापरल्या. त्या कोबाल्टच्या निळ्या रंगाने, झिलईच्या खाली, हाताने काढलेल्या असतात. पण निळ्या रंगाच्या दोन रेघा काढायला काहीच कष्ट पडत नाहीत. जर्मनीच्या थ्युरिंगिया प्रांतातील फोल्कश्टेट येथील कारखान्याने गवत उचलण्याचे दोन काटे अशा रीतीने एकमेकांवर काढले की घाईत ते तलवारींसारखे वाटावेत. त्याच प्रांतातील झिट्झेनडोर्फच्या कारखान्याने दोन समांतर रेघांवर तिसरी रेघ मारली. ड्रेस्डेनमधील हेलेना वोल्फझोनच्या कार्यशाळेने तर ऑगस्ट राजाची ‘ए’ आणि ‘आर’ ही जोडाक्षरेच वापरली. माइसनने न्यायालयात जाऊन ते थांबवले. पॅरिसच्या सॅमसन या प्रसिद्ध नकलाकारानेही माइसनची आठवण करून देणाऱ्या खुणा वापरल्या.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. अठराव्या शतकाच्या मध्यातील काही अस्सल पुतळ्यांवर खूण अगदी छोटी, बैठकीच्या मागच्या कडेला कुठेतरी असते, आणि काहींवर नसतेच. म्हणजे खूण आहे म्हणून पुतळी खरी ठरत नाही आणि नाही म्हणून खोटीही ठरत नाही.

तरीही तलवारींवरून काळ सांगता येतो का?

बाकी सर्व जुळत असेल तर ढोबळपणे सांगता येतो. दोन मुठींच्या मध्ये ठिपका असेल तर साधारण १७६३ ते १७७४. मुठींजवळ चांदणी असेल तर कारखान्याचा संचालक काउंट मार्कोलिनी याच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७७४ ते १८१४ चा काळ. मुठींच्या टोकांना गोळीसारखा ठिपका असेल तर एकोणिसावे शतक ते १९२४. तलवारींच्या टोकांच्या मध्ये ठिपका असेल तर १९२४ ते १९३४. तलवारींवर आडवा ओरखडा मारलेला असेल तर कारखान्याने ती वस्तू पहिल्या प्रतीची मानली नाही किंवा न रंगवता बाहेर विकली असे समजावे. किती ओरखडे म्हणजे काय, याचा अर्थ काळानुसार बदलत गेलेला आहे. इंग्रजीत ‘जर्मनी’ असा शब्द असेल तर तो निर्यातीसाठीचा असतो, आणि वस्तूवर मूळ देशाचे नाव लिहिण्यासंबंधीचा ब्रिटनचा १८८७ चा व अमेरिकेचा १८९० चा कायदा पाहता अशी वस्तू बहुधा त्या सुमाराची किंवा नंतरची असते.

तळावरचे आकडे काय सांगतात?

एकोणिसाव्या शतकातील माइसनच्या पुतळीवर बहुधा तीन प्रकारचे आकडे सापडतात: ओल्या मातीत टोकदार हत्याराने कोरलेला नमुन्याचा क्रमांक, ठशाने उमटवलेला जोडणी करणाऱ्याचा क्रमांक, आणि रंगाने लिहिलेला रंगाऱ्याचा क्रमांक. नमुन्याचा क्रमांक पुष्कळदा एक अक्षर आणि एक आकडा असा असतो, आणि त्यावरून तो नमुना केव्हा घडवला गेला ते कळते, ही विशिष्ट पुतळी केव्हा तयार झाली ते कळत नाही. आसियेचा १७७० च्या दशकातील क्यूपिड १८९० मध्येही त्याच साच्यांच्या परंपरेतून निघत होता, आणि तोही शंभर टक्के माइसनचाच. लोक येथे सर्वाधिक फसतात: नमुन्याचे वर्ष वाचून दाखवणारा विक्रेता खोटे बोलत नसतो, फक्त अर्धे बोलत असतो.

मग नक्कल ओळखायची कशी?

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे मोजपट्टी. तयार पुतळीवरून साचा काढून कोणी नक्कल केली, तर ती भाजताना पुन्हा आक्रसते आणि मूळ पुतळीपेक्षा जवळजवळ एक षष्ठांशाने लहान निघते. त्या नमुन्याची नेहमीची उंची संग्रहालयाच्या किंवा लिलावाच्या यादीतून शोधावी आणि आपली पुतळी मोजावी. बैठक हाताने जोडल्यामुळे काही मिलिमीटरचा फरक चालतो, पण वीस सेंटिमीटरच्या जागी साडेसोळा सेंटिमीटर भरले तर पुढे खूण पाहण्याची गरजच उरत नाही.

त्यानंतर बोटे पाहावीत. चांगल्या पुतळीची बोटे एकमेकांपासून सुटी असतात, नखे दिसतात, आणि तळहाताला खळगा असतो. नंतर पंखांचा खांद्याशी असलेला सांधा: पंख पाठीतून उगवल्यासारखा वाटतो की चिकटवल्यासारखा? मग मुलामा. जुना सोनेरी मुलामा अकीक दगडाने घासून चमकवलेला असतो व त्याची झाक मऊ, किंचित पिवळसर असते. माइसनमध्येच हाइनरिश गॉटलोब क्यून याने १८३० च्या सुमारास शोधलेले द्रवरूप सोने घासल्याशिवाय झळकते आणि ते जास्त भडक, आरशासारखे दिसते. अठराव्या शतकातील म्हणून दाखवलेल्या पुतळीवर असे सोने दिसले तर थांबावे. झिलईचा रंगही बोलका असतो, पण तो शब्दांत सांगणे कठीण आहे. त्यासाठी खरी वस्तू वारंवार पाहावी लागते.

पुतळीची डागडुजी झाली आहे का, हे घरी कळू शकेल का?

बऱ्याच अंशी कळते. क्यूपिडच्या बाबतीत आधी तुटते ते ठरलेले असते: बाण, धनुष्याची टोके, करंगळी, पंखांच्या कडा आणि बैठकीवरील पाकळ्या. शंभर-दीडशे वर्षांत एकही टवका न उडालेली पुतळी विरळाच, त्यामुळे सर्व काही अगदी शाबूत दिसले तर अधिक बारकाईने पाहावे. पोर्सलेन हाताला थंड लागते, तर राळेचा किंवा प्लास्टिकसदृश लेपाचा भाग किंचित कोमट आणि मऊ लागतो. नखाने हलकेच वाजवून पाहिले तर दोन्हींचा आवाज वेगळा येतो. अंधारात अतिनील टॉर्च मारला तर नवा रंग व नवे चिकटद्रव्य मूळ झिलईपेक्षा वेगळ्या रंगात चमकते. हा टॉर्च आता नोटा तपासण्यासाठीही सहज मिळतो. सुईने किंवा ब्लेडने खरवडून मात्र पाहू नये, वस्तू तुमची असली तरीही.

साफसफाई कशी करावी?

शक्यतो मऊ, कोरड्या कुंचल्याने. मी पहिल्याच वर्षी केलेली चूक सांगतो. पुतळी घेताना तिचा डावा पंख पूर्वी कधीतरी जोडलेला आहे हे मला दुकानदाराने सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत मी ती कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवली. दहा मिनिटांनी पाणी पिवळसर झाले, जुना सरस सुटला आणि पंख तळाशी जाऊन बसला. सुदैवाने तो फुटला नाही. एवढ्यावर भागले नाही, कारण तळाच्या भोकातून पोकळीत शिरलेले पाणी पुढे कित्येक दिवस तपकिरी थेंबांच्या रूपाने कपाटाच्या फळीवर उतरत राहिले.

तेव्हापासून ओला कापसाचा बोळा आणि जवळ कोरडा मऊ कपडा, याहून अधिक काही मी वापरत नाही. उचलताना एक हात बैठकीखाली आणि दुसरा धडाला असावा. हात, पंख किंवा डोके धरून उचलू नये. घमेल्याऐवजी टेबलावर जाड टॉवेल घालावा. पावसाळ्याची भीती पोर्सलेनला नाही, पण जुन्या जोडकामात लोखंडी तार असेल तर ती गंजते आणि गंज फुगून आतून तडा देतो, म्हणून अशी पुतळी कोरड्या जागी ठेवावी.

याची किंमत किती येईल?

फोटो पाहून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि म्हणून मीही सांगत नाही. किंमत ठरते ती काळ, नमुन्याची दुर्मिळता, रंगकामाचा दर्जा, डागडुजी आणि मालकीचा माग यांवरून, आणि साधारण याच क्रमाने. अठराव्या शतकातील पुतळी आणि तिचीच एकोणिसाव्या शतकातील आवृत्ती यांच्यात मोठी तफावत असते. विम्यासाठी किंवा वाटणीसाठी मूल्य हवे असेल तर लेखी मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाकडे प्रत्यक्ष वस्तू न्यावी, आणि तोच माणूस ती विकत घेण्याची तयारी दाखवू लागला तर दुसरे मत घ्यावे.

अशा वस्तू कुठे पाहायला मिळतील?

ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यातील पोर्सलेन संग्रह हे मूळ ठिकाण. ऑगस्टचा स्वतःचा संग्रह हाच त्याचा पाया आहे. लंडनला राहणाऱ्यांनी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे मातीकाम विभाग सोडू नयेत. आपल्या जवळ हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सलेनची मोठी दालने आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या कलावस्तू पाहिल्या की एका काळी मुंबईतील श्रीमंत घरांत जगभरातून काय काय येत होते याचा अंदाज येतो.

परदेशातील मुलीकडे पाठवता येईल का?

पाठवण्यापूर्वी विचारून घ्यावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आपली पुतळी त्यात मोडते की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तू दाखवून ठरवून घ्यावे लागते आणि मोडत नसल्यास तसे प्रमाणपत्र मिळते. वस्तू जर्मनीत घडलेली असल्यामुळे प्रश्नच येत नाही, असे गृहीत धरून विमानतळावर जाऊ नये.

तुटलेला तुकडा स्वतः चिकटवावा का?

झटपट चिकटणारे द्रव्य वापरू नये. ते पिवळे पडते, सांध्यात जाड थर धरते आणि पुन्हा काढताना कडांचे टवके उडतात. संवर्धक अशी द्रव्ये निवडतात जी पुढे कोणाला सोडवता येतील, उदाहरणार्थ पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ. तोपर्यंत तुकडे न धुता, न जुळवता, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवावेत, कारण जुळवून पाहण्याच्या हौसेत कडा एकमेकींवर घासतात आणि नेमका सांधा जिथे बसायचा तिथलीच धूळ होते.

नवीन बाण किंवा बोट घडवून बसवावे का, हा निराळा प्रश्न आहे. विकायचे असेल तर लोक बसवून घेतात. तसे केल्यास ते विकत घेणाऱ्याला लिहून द्यावे. माझ्या क्यूपिडचा पंख एका संवर्धक बाईंनी पुन्हा बसवून दिला. सांधा माहीत असलेल्यालाच दिसतो. उजव्या हाताची करंगळी मात्र मी घेण्यापूर्वीच गेलेली होती, आणि तशीच ठेवली आहे. तो डाव्या हातातल्या बाणाचे टोक उरलेल्या बोटांनी चाचपून पाहतो आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तरी त्याला काही कमी पडल्यासारखे वाटत नाही.